गोळी पोटात गेल्यावर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने औषधांविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. मलाही या विषयात पूर्वी गोडी नव्हती. ती लागली एका साध्या बेरजेमुळे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आई सर्दी-तापाने आजारी पडली. तापाची ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा आणि सर्दीची गोळी तीन वेळा, असा क्रम चालू होता. दोन्ही पाकिटे मीच आणली होती. ताई बी. फार्मसीला आहे. ती घरी आली, पाकिटांमागची बारीक अक्षरे तिने वाचली आणि म्हणाली, "अरे, दोन्हींत पॅरासिटॅमॉल आहे. सर्दीच्या गोळीतही पाचशे मिलिग्रॅम. कर बघू बेरीज!" २,६०० आणि १,५०० मिळून ४,१०० झाले. प्रौढ माणसाला चोवीस तासांत ४,००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये असा नियम आहे. आईसारख्या किरकोळ अंगाच्या माणसाला तर त्याहून कमीच बरे. सर्दीची गोळी लगेच बंद केली. आई चार दिवसांत हिंडू-फिरू लागली. पण ही मर्यादा कोणी व कशावरून ठरवली, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. उरलेल्या सुटीत मी ताईचे फार्माकॉलॉजीचे पुस्तक घेऊन बसलो.

या शास्त्राचे दोन भाग आहेत. औषध शरीरावर काय परिणाम करते, हा एक. आणि शरीर औषधाचे काय करते, हा दुसरा. आपण सामान्य माणसे पहिल्याचाच विचार करतो. ताप उतरला की औषधाचे काम संपले असे समजतो. प्रत्यक्षात गोळी गिळल्या क्षणापासून शरीर तिला बाहेर घालवण्याच्या खटपटीला लागते. पॅरासिटॅमॉल आतड्यातून रक्तात शिरते ते आधी यकृतात पोहोचते. तेथून पुढे साधारण दर दोन-अडीच तासांनी रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे होत जाते. या अवधीला अर्धायुकाल म्हणतात. हजाराचे पाचशे, पाचशेचे अडीचशे, असा हा उतरता हिशेब. 'चार ते सहा तासांनी एक' या सूचनेचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे.

या दुसऱ्या भागाचे महत्त्व पॅरासिटॅमॉलच्या इतिहासातही दिसते. १८८६ साली स्ट्रासबुर्ग येथे कान आणि हेप या दोन डॉक्टरांनी जंतांच्या रुग्णाला नॅफ्थलिन द्यायचे ठरवले होते. चुकून दुसरीच पूड दिली गेली. जंत राहिले बाजूला, रुग्णाचा ताप मात्र उतरला! ती पूड ॲसिटॅनिलाइडची होती. ते औषध लोकप्रिय झाले, पण त्याने काही रुग्णांची कांती निळसर पडू लागली. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रोडी व ॲक्सेलरॉड यांनी त्याचा उलगडा केला. ॲसिटॅनिलाइडचे शरीरात बहुतांशी पॅरासिटॅमॉल होते आणि गुण येतो तो त्याचा. निळेपणाला कारण होते ते शरीरातच तयार होणारे ॲनिलिन. मग पॅरासिटॅमॉलच का देऊ नये? या विचाराने एक जुने, बाजूला पडलेले औषध पुन्हा पुढे आले.

आता मर्यादेचा प्रश्न. घेतलेल्या पॅरासिटॅमॉलचा मोठा भाग यकृत निरुपद्रवी करून मूत्रावाटे बाहेर पाठवते. शेकडा पाच ते दहा इतका लहानसा भाग वेगळ्या वाटेने जातो आणि त्यापासून एक विषारी पदार्थ बनतो. यकृतातले ग्लुटाथायोन त्याला तेथल्या तेथे निकामी करते. परंतु ग्लुटाथायोन हे रांजणातल्या पाण्यासारखे आहे. ते बेताने वापरले तर पुन्हा भरते, एकदम उपसले तर तळ दिसतो. मात्रा फार वाढली की नेहमीच्या वाटा अपुऱ्या पडतात, विष जास्त बनते, रांजण रिता होतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. उपासमार झालेल्या किंवा रोज मद्य घेणाऱ्या माणसाचा रांजण मुळातच अर्धा असतो.

यातली सर्वांत भयंकर गोष्ट म्हणजे पहिल्या दिवशीची शांतता. रुग्णाला थोडी मळमळ होते, कधी तेवढीही नाही. कावीळ दिसते ती दोन-तीन दिवसांनी. यावर उतारा आहे, त्याचे नाव ॲसिटिलसिस्टीन. ते रिता रांजण पुन्हा भरायला मदत करते. पहिल्या आठ तासांत दिले तर यकृत बहुधा वाचते. पुढे त्याची शक्ती कमी होत जाते. म्हणून चुकून जास्त गोळ्या पोटात गेल्याचे कळताच, माणूस ठणठणीत दिसत असला तरी, लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

हे वाचून कोणी पॅरासिटॅमॉलची धास्ती घेऊ नये. मर्यादेत घेतले तर ते सुरक्षित औषधांपैकी एक आहे. आमच्या घरी ते आजही आहे. फरक एवढाच, की आता नवे पाकीट आले की मी आधी ते उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचतो. कविता वाचताना आम्हाला एकेका शब्दापाशी थांबायला शिकवतात. ती सवय औषधाच्या पाकिटापर्यंत न्यायला मला एक दिवाळी लागली.