घोरणारे बाबा आणि व्हिडिओमधले १८ सेकंद

अंथरुणात पडून, हेडफोन लावून हा एपिसोड ऐकत असाल तर आधीच सांगते, मध्येच डोळा लागला तरी मला राग येणार नाही. आजचा विषयच झोप आहे. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग.

मी स्टाफ नर्स आहे. महिन्यातले बरेच दिवस नाईट ड्युटी, म्हणजे लोक झोपतात तेव्हा त्यांच्याकडे बघत बसणं हेच माझं काम. अशाच एका रात्रीची गोष्ट. हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक काका होते. मुलगा शेजारी स्टुलावर बसलेला. मला म्हणाला, "सिस्टर, आज बाबा मस्त झोपलेत बघा. कसे घोरतायत!"

मी बघायला थांबले. घोरणं जोरात चालू होतं, आणि एकदम बंद झालं. शांतता. छाती हलत होती, पण नाकातोंडातून हवा जात नव्हती. थोड्या वेळानं बोटाला लावलेल्या मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा उतरायला लागला. ९४, ९०, ८६. मग एक मोठा आचका, आणि घोरणं पुन्हा सुरू. मी त्यांना कुशीवर वळवलं, डोक्याकडची बाजू वर केली आणि डॉक्टरांना फोन लावला.

सकाळी काका काय म्हणाले? "सिस्टर, रात्रभर झोपच नाही लागली. आज एखादी झोपेची गोळी द्या ना."

इथेच खरी गोम आहे. ती समजायला आधी झोप कशी चालते ते बघू.

झोप म्हणजे स्विच बंद केला, संपलं, असं नसतं. ती चक्रांमध्ये येते. एक चक्र साधारण ९० मिनिटांचं, आणि रात्रभरात अशी चार-पाच चक्रं होतात. आधी हलकी झोप, मग गाढ झोप आणि शेवटी 'रेम' झोप. रेममध्ये बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात आणि ठळक स्वप्नं पडतात. हा प्रकार १९५३ मध्ये शिकागोच्या ॲसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी जगासमोर मांडला. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त, रेम पहाटेकडे जास्त. म्हणून साखरझोपेत अलार्म वाजला की स्वप्न अर्धवट तुटतं.

आता झोपेत सगळे स्नायू सैल पडतात. घशाचेसुद्धा. काहींचा घसा इतका अरुंद होतो की हवेची वाटच बंद होते. श्वास निदान १० सेकंद थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात. ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागा करतो, घसा उघडतो, माणूस पुन्हा झोपतो. त्याला सकाळी यातलं काही आठवत नाही. फक्त एवढंच वाटतं की झोप झाली नाही.

या आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. अशा माणसाला झोपेची गोळी दिली तर? काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो आणि जागं करणारा मेंदूही सुस्तावतो. ऑपरेशननंतरच्या काही स्ट्राँग वेदनाशामक औषधांचंही तसंच. म्हणून ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना "पेशंट घोरतो, श्वास अडकतो" हे सांगायलाच हवं.

तर त्या रात्री मी वॉर्डात उभी होते आणि डोक्यात वेगळंच काहीतरी फिरत होतं. आमचे बाबा.

आमचे बाबा रिक्षा चालवतात. त्यांच्या घोरण्याला घरात 'ट्रॅक्टर' म्हणतात. दिवाळीत मी त्यांचा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला होता. ४० हसण्याच्या इमोजी आल्या. ड्युटी संपल्यावर बसमध्ये मी तो व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी घड्याळ बघत. मध्येच ट्रॅक्टर बंद पडतो. १८ सेकंद. आणि त्या १८ सेकंदांत ऐकू येतं ते फक्त आमचं खिदळणं.

मी नर्स असून मला ते दिसलं नव्हतं.

बाबा सिग्नलला पेंगतात, हे आईनं मला आधी सांगितलं होतं. आम्ही म्हणायचो, वय झालं. बीपी गोळ्या घेऊनही वर राहायचं, सकाळी डोकं दुखायचं. सगळी लक्षणं समोर होती. डॉक्टरांना तोच व्हिडिओ दाखवला. स्लीप टेस्ट झाली. तासाला पाचपेक्षा कमी वेळा अडथळा आला तर ठीक, ३० च्या वर गेला तर आजार तीव्र. बाबांचे आले ३८.

उपाय म्हणजे सीपॅप मशीन. मास्कमधून हवेचा हलका दाब येतो आणि घसा उघडा राहतो. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. बाबांचं पहिलं वाक्य होतं, "ही सोंड लावून झोपू होय मी?" आठवडाभर भांडण. शेवटी आई म्हणाली, "अहो, तुम्ही घोरायचे थांबलात की मी उठून श्वास बघते. किती वर्षं बघू?" त्या रात्री त्यांनी मास्क लावला.

आता प्रत्येकाला ॲप्नियाच असतो असं नाही. आठवड्यात तीन रात्री, तीन महिने झोप लागत नसेल किंवा टिकत नसेल तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर पहिला उपचार गोळी नाही, तर विचार आणि सवयी बदलणारी थेरपी आहे. उठायची वेळ रोज एकच ठेवायची. झोप येत नसेल तर कूस बदलत पडून न राहता उठून बसायचं, पेंग आली की परत जायचं. आणि संध्याकाळी सहाच्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असू शकतं, हे लक्षात ठेवा.

रात्री पाय वळवळतात, हलवले की बरं वाटतं? तो रेस्टलेस लेग्ज असू शकतो. अंगात लोह कमी असेल तर हा त्रास होतो, गरोदरपणात आणि किडनीच्या पेशंटमध्येही दिसतो. पाय चेपून घेण्याआधी रक्त तपासा.

आणि पेशंटसोबत रात्री थांबत असाल तर साध्या गोष्टी करा: मोबाइल सायलेंट, दिवा मंद, दिवसा खिडकीचा पडदा उघडा. म्हाताऱ्या पेशंटला झोप मोडल्यामुळे भ्रमसुद्धा होऊ शकतो.

आज रात्री घरी कुणी घोरत असेल तर हसा, पण घोरणं थांबलं की सेकंद मोजा. दहाच्या वर जात असतील तर व्हिडिओ काढा आणि ग्रुपवर टाकण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

बाबा आता सिग्नलला जागे असतात. ट्रॅक्टर बंद आहे. आई म्हणते, घर फार शांत झालंय, आणि तीसुद्धा सकाळपर्यंत झोपते.

भेटू पुढच्या भागात. फोन बाजूला ठेवा. शुभ रात्री!