कोपीवरचं पहिलं वर्ष

दिवाळीच्या आसपास पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. उन्हाळ्यात जन्मलेलं बाळ तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचं असतं. म्हणजे उष्टावण झालं की पुढचं बसणं, रांगणं, धरून उभं राहणं, सगळं कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत.

वर्षाअखेरीस जन्माचं वजन साधारण तिप्पट होतं, उंची दीडपट. नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत भाताचं एकच शीत पकडून बाळ ते नेमकं तोंडात घालतं. एवढ्याशा बोटांचं हे कसब बघत बसावं असं!

चालण्याची मात्र घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार निरोगी मूल आठ ते साडेसतरा महिन्यांत कधीही एकटं चालू लागतं. शेजारणीचं पोर चाललं म्हणून आपल्याला वॉकरमध्ये कोंबू नये.

आई फडात शिरली की टाहो फोडणारं बाळ हट्टी नसतं. दिसेनाशी झालेली आई कुठेतरी आहे, हे त्याला आता उमगलेलं असतं. अनोळखी चेहऱ्यांची भीतीही याच वयातली.

नऊ महिने भरले की गोवर-रुबेलाची लस असते. तेव्हा गाव सोडताना लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या आणि फडाजवळच्या अंगणवाडीत दाखवा.