स्पिंडलच्या बेअरिंगला ग्रीस किती?

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना सातपूरची औद्योगिक वसाहत लागते. तिथल्यासारख्या सीएनसी यंत्रांच्या स्पिंडलमध्ये जास्त ग्रीस म्हणजे जास्त आयुष्य, हा समज घातक आहे. ७० मिमी आतला, ११० मिमी बाहेरचा व्यास आणि मिनिटाला १०,००० फेरे धरा: सरासरी व्यास गुणिले फेरे हा गुणाकार ९ लाख होतो. या वेगात जादा ग्रीस घुसळून तापते, तेल पातळ होते, गोळ्यांखालचा थर तुटतो. म्हणून हलक्या बेस ऑइलचे ग्रीस, मोकळ्या जागेच्या साधारण पाव हिस्सा, आणि सुरुवातीला वेग टप्प्याटप्प्याने वाढवणे, हेच योग्य.

कमी ग्रीस लवकर संपेल, हा आक्षेप संथ, धुळीच्या जागी रास्त आहे. तिथे भरपूर ग्रीस धूळ अडवते. स्पिंडलमध्ये मात्र ग्रीसमधून झिरपणारे थोडे तेलच काम करते. लिथियम आणि पॉलियुरिया ग्रीस मिसळणे टाळा. त्र्यंबकच्या पावसाळ्यात तर डबा उघडा ठेवूच नका. ओलावा बेअरिंगला गंजवतो.