रक्तदाब आणि एक साधा भागाकार

आपल्या मंडळात चाळिशी उलटलेली चार माणसे एकत्र जमली की रक्तदाबाच्या गोळ्यांचा विषय निघतोच. "मीठ कमी केलंय", "रोज दोन मैल चालतो", आणि शेवटी, "आमच्या घराण्यातच आहे हो!" हे शेवटचे वाक्य आले की पुढची चौकशी थांबते. पण रक्तदाब असलेल्या दर शंभरांपैकी निदान पाच ते दहाजणांत, आणि तीन-तीन गोळ्या घेऊनही दाब न उतरणाऱ्यांत साधारण पाचांपैकी एकात, त्यामागे एक ठरावीक, शोधता येणारे कारण असते: प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम. मी इथल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये बरीच वर्षे काम करते. या विकाराच्या पहिल्या तपासणीतला भागाकार कसा करायचा आणि कसा वाचायचा, हे आज सांगणार आहे.

टाकी, पंप आणि वॉचमन

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचे हार्मोन तयार करतात. ते शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते व पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. त्याला हुकूम देणारा असतो मूत्रपिंडातून निघणारा रेनिन.

पुण्या-मुंबईच्या सोसायटीतली गच्चीवरची टाकी आठवा. पाणी उतरले की वॉचमन पंप सुरू करतो. टाकी भरली की तो बंद करून निवांत बसतो. इथे रेनिन म्हणजे वॉचमन, अल्डोस्टेरॉन म्हणजे पंप. वॉचमन झोपलेला आणि पंप मात्र धो धो चालू, असे दिसले तर बिघाड पंपातच आहे. ग्रंथीत छोटी गाठ झाली, किंवा दोन्ही ग्रंथी आपल्या मर्जीने काम करू लागल्या, की नेमके असेच होते.

मिशिगन विद्यापीठातील डॉ. जेरोम कॉन यांनी १९५५ साली हा विकार प्रथम वर्णन केला. दोन्ही हार्मोन्सचे गुणोत्तर पाहून तो हुडकण्याची युक्ती १९८१ साली जपानी संशोधकांनी मांडली. तीच आजही वापरात आहे.

भागाकार कसा करायचा?

अल्डोस्टेरॉनच्या आकड्याला रेनिनच्या आकड्याने भागायचे. अमेरिकेत अल्डोस्टेरॉन बहुधा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आणि रेनिनची क्रियाशीलता नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर प्रति तास या एककात देतात. तीन उदाहरणे घेऊ.

१. अल्डोस्टेरॉन १८, रेनिन ०.४. गुणोत्तर ४५.
२. अल्डोस्टेरॉन ५, रेनिन ०.१. गुणोत्तर ५०.
३. अल्डोस्टेरॉन ३०, रेनिन ६. गुणोत्तर ५.

नेहमीच्या पद्धतीच्या चाचणीत २० च्या वरचे गुणोत्तर संशयास्पद धरतात. काही ठिकाणी ३० ही मर्यादा आहे. मग सर्वांत वाईट रिपोर्ट दुसरा का? नाही! तिथे अल्डोस्टेरॉन मुळातच कमी आहे. भाजक अगदी लहान असल्याने भागाकार फुगला, इतकेच. वय वाढले की रेनिन तसाही उतरतो. म्हणून तीन गोष्टी एकदम पाहाव्यात: रेनिन दबलेला हवा (१ किंवा कमी), अल्डोस्टेरॉन निदान १० हवे, आणि गुणोत्तर २० च्या वर हवे.

पहिल्या उदाहरणात तिन्ही जुळतात. गंमत अशी, की बऱ्याच लॅबच्या मर्यादांप्रमाणे १८ आणि ०.४ हे दोन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर "नॉर्मल" ठरतात. रिपोर्टवर लाल खूण दिसत नाही आणि कागद फाइलमध्ये जातो. तिसऱ्यात वॉचमनही जागा आहे. तिथे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

इंग्लंडमध्ये किंवा कॅनडात राहणाऱ्या नातेवाइकांच्या रिपोर्टशी आपला आकडा ताडून पाहू नका. तिथे अल्डोस्टेरॉन पिकोमोलमध्ये देतात (१ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे २७.७ पिकोमोल प्रति लिटर). रेनिन मोजण्याची रीतही वेगळी असू शकते, त्यामुळे मर्यादाही बदलतात.

एक उदाहरण घरचे

माझ्या नात्यातल्या एका वहिनींना अडतिसाव्या वर्षी रक्तदाब सुरू झाला. आठ वर्षांत गोळ्या तीनवर गेल्या. पोटॅशियम ३.३ आले, तेव्हा "केळी खा, नारळपाणी प्या" एवढाच सल्ला मिळाला. नवीन डॉक्टरांनी ही तपासणी करवली: अल्डोस्टेरॉन २२, रेनिन ०.२, गुणोत्तर ११०. पुढच्या तपासण्यांत डाव्या ग्रंथीत दोष सापडला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ती ग्रंथी काढली. आज त्या एका गोळीवर आहेत.

सर्वांना शस्त्रक्रिया लागत नाही. दोष दोन्ही बाजूंचा असेल तर स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी उपयोगी पडते. पण कारण कळणे महत्त्वाचे, कारण तेवढ्याच रक्तदाबाच्या इतर रुग्णांपेक्षा या विकारात पक्षाघात, हृदयाची अनियमित लय आणि मूत्रपिंडाची हानी यांचा धोका अधिक असतो.

रक्त देण्यापूर्वी

• सकाळी उठून दोन तास तरी हिंडते-फिरते राहा; मग पाच ते पंधरा मिनिटे बसून रक्त द्या.
• चाचणीच्या आधीचे काही दिवस मीठ मुद्दाम तोडू नका. मीठ कमी झाले की रेनिन वाढतो आणि दोष झाकला जातो.
• पोटॅशियम कमी असेल तर आधी भरून काढा. कमी पोटॅशियममुळे अल्डोस्टेरॉन खोटेच कमी दिसते. मात्र पोटॅशियम नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नका; बहुतेक रुग्णांत ते नॉर्मलच असते.
• बीटा ब्लॉकर आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रेनिन उतरवतात, त्यामुळे गुणोत्तर फुगते. लिसिनोप्रिल, लोसार्टन आणि लघवीच्या गोळ्या रेनिन चढवतात. त्या चालू असूनही रेनिन दबलेला निघाला, तर संशय अधिकच बळावतो. मनाने मात्र एकही गोळी थांबवू नका.
• खोकल्यासाठी ज्येष्ठमध रोज घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा. भरपूर ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते, हुबेहूब या विकारासारखे.

कोणी विचारावे?

पूर्वी ही तपासणी निवडक रुग्णांपुरती होती: तीन औषधांना न जुमानणारा रक्तदाब, कमी पोटॅशियम, झोपेत श्वास अडकणे, किंवा घरात चाळिशीच्या आत कोणाला पक्षाघात. २०२५ साली अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने उच्च रक्तदाब असलेल्या प्रत्येकाची तपासणी सुचवली आहे, आणि पहिली चाचणी चालू औषधांवरही करता येते असे म्हटले आहे.

गुणोत्तर वाढलेले आले म्हणजे निदान पक्के झाले असे नाही. पुष्कळदा पुन्हा चाचणी, मग सीटी स्कॅन आणि ग्रंथीच्या शिरांतले रक्त तपासणे अशी पुढची पायरी असते. विमा कंपनी कितपत खर्च देते तेही आधी विचारून घ्या.

पुढच्या भेटीला जाताना गोळ्यांची यादी आणि जुने पोटॅशियमचे आकडे बरोबर न्या, आणि "माझे अल्डोस्टेरॉन व रेनिन कधी पाहिले होते का?" एवढे विचारा. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना परतल्यावर त्यांच्या डॉक्टरांना हेच विचारायला सांगा.