मोहरीचा झणका आणि कोबीवरील पतंग

कोबीच्या शेतात सापळा पीक म्हणून मोहरी पेरण्याची शिफारस अनेक शेतकऱ्यांना परिचित आहे. ती कशामुळे यशस्वी होते आणि कोठे फसते, याचे उत्तर वनस्पतींच्या रसायनांत दडलेले आहे.

कोबी, फुलकोबी, मुळा व मोहरी या एकाच कुळातील वनस्पतींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगे असतात. त्यांचे विघटन करणारे मायरोसिनेज हे विकर वेगळ्या पेशींत साठवलेले असते. पान कुरतडले गेले की दोन्ही एकत्र येतात व अनेक किडींना घातक ठरणारी तिखट तेले तयार होतात. मोहरी वाटताना नाकात जाणारा झणका तो हाच.

चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने मात या संरक्षणावर मात केली आहे. त्याच्या अळीच्या आतड्यातील सल्फेटेज हे विकर ग्लुकोसिनोलेटमधील सल्फेटचा भाग आधीच काढून टाकते. परिणामी मायरोसिनेजची क्रिया होत नाही आणि घातक तेल तयारच होत नाही. उलट, याच रसायनांवरून मादी अंडी घालण्यासाठी पान ओळखते. डच शास्त्रज्ञ फर्शाफेल्ट यांनी १९१० मध्ये कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्यांबाबत असेच दाखवून दिले होते. एरवी न खाल्लेल्या पानांना मोहरीवर्गीय वनस्पतीचा रस लावताच अळ्या ती पाने खाऊ लागल्या.

हा पतंग अनेक कीटकनाशकांना प्रतिकारक्षम झाला असल्याने त्याच्या या आवडीचा उपयोग करून घेणे महत्त्वाचे ठरते. बंगळूरू येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी घ्याव्यात. एक ओळ लागवडीपूर्वी १५ दिवस व दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरावी. पहिली मोहरी जून होऊ लागते, तेव्हा दुसरीची कोवळी पाने मादीला उपलब्ध होतात. दुसरी ओळ टाळल्यास सापळा ऐन गरजेच्या वेळी रिकामा राहतो.

मोहरी कीड मारत नाही, केवळ एकत्र आणते, हे विस्तार कार्यकर्त्यांनी आवर्जून सांगावे. म्हणून मोहरीवरील अळ्यांची नियमित पाहणी करून त्यांचा तेथेच नायनाट करावा. दुर्लक्षित मोहरी हे किडीचे माहेरघर बनते आणि नुकसान अखेर कोबीचेच होते.