चाळीस गुन्हे आणि कापसाची काडी

(लेखमाला ‘मुद्देमाल’ : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात बोटांच्या ठशांपाशी थांबलो होतो. आज डीएनए. ठशांबद्दल शंका घेणारे लोकही ‘डीएनए जुळला’ म्हटलं की गप्प होतात. म्हणून सुरुवात जर्मनीतल्या एका फजितीपासून करू.

२५ एप्रिल २००७. हाइलब्रॉन शहरात गस्तीच्या गाडीत बसलेल्या दोन पोलिसांवर भरदुपारी गोळ्या झाडल्या गेल्या. २२ वर्षांची महिला पोलीस दगावली, तिचा सहकारी कसाबसा वाचला. गाडीवर एका अनोळखी बाईचा डीएनए सापडला. नोंदी तपासल्या तर ही बाई जुनीच निघाली. १९९३ मध्ये एका वृद्धेचा खून झाला होता, तिथल्या कपावर ती होती. फेकून दिलेल्या सिरिंजवर होती, अर्धवट खाल्लेल्या बिस्किटावर होती. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स मिळून चाळीसेक ठिकाणी! वर्तमानपत्रांनी तिचं नाव ठेवलं ‘चेहरा नसलेली बाई’. तिच्यावर ३ लाख युरोंचं बक्षीस लागलं.

२००९ मध्ये पोलिसांना एका जळालेल्या मृतदेहाची ओळख पटवायची होती. मृत माणूस आश्रयासाठी आलेला असावा, असा कयास होता आणि त्याच्या जुन्या अर्जावर बोटांचे ठसे होते. त्या ठशांवरून कापसाची काडी फिरवली, तर पुरुषाच्या ठशावर पुन्हा तीच बाई! दुसरी काडी घेऊन नमुना काढला, तेव्हा ती गायब.

बाई काडीवरच होती. काड्या तयार करून पाकिटात भरण्याच्या कामावर असलेल्या एका महिलेचा तो डीएनए. पाकिटावरचं ‘निर्जंतुक’ खोटं नव्हतं. जंतू मेलेच होते, पण दूध उकळलं म्हणून त्यात पडलेला केस काही नाहीसा होत नाही. खरे मारेकरी नवनाझी टोळीतले होते. २०११ मध्ये त्यांच्या जळालेल्या गाडीत त्या दोन पोलिसांची सरकारी पिस्तुलं मिळाली तेव्हा ते उघड झालं.

प्रयोगशाळेने मात्र प्रत्येक वेळी बरोबरच उत्तर दिलं होतं. डीएनए कोणाचा, हे ती सांगते. तो तिथे कसा पोचला, ते तिला विचारून उपयोग नाही. सुरुवातीच्या काळात तपासणीला रक्ताचा ठळक डाग लागायचा; आता मूठभर पेशी पुरतात. तंत्र जितकं तीक्ष्ण, तितकं भलत्याच माणसाचं काहीतरी हाती लागण्याची भीती जास्त.

आपल्याकडचं दुखणं काडीपेक्षा कपाटाचं. दिल्लीच्या छावला भागातून फेब्रुवारी २०१२ मध्ये एका तरुणीचं अपहरण झालं. बलात्कार करून तिचा खून केला गेला. तिघांना फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. डीएनए अहवाल आरोपींच्या विरोधात होता. तरी ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिघांना सोडलं. नमुने १४ आणि १६ फेब्रुवारीला जप्त झाले आणि प्रयोगशाळेकडे निघाले २७ तारखेला. मधले दिवस ते पोलीस ठाण्याच्या मालखान्यात. त्या काळात त्यांना कोणी हात लावला नसेलच असं म्हणता येत नाही, आणि अहवालातला निष्कर्ष कशावरून काढला हेही खालच्या न्यायालयांनी तपासलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. निकालाने लोक भडकले. मला त्यांचा राग कळतो. पण तो न्यायाधीशांपेक्षा त्या अकरा-तेरा दिवसांवर निघायला हवा होता.

जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याबाबत देशभरासाठी निर्देश दिले. नमुना घेतल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचलाच पाहिजे. उशीर झाला तर कारण लिहायचं. तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, याची नोंदवही निकाल लागेपर्यंत ठेवायची आणि खटल्याच्या कागदांना जोडायची. यापुढे बचाव पक्षाचा हुशार वकील डीएनए अहवालाआधी ती नोंदवही मागेल आणि तारखा मोजत बसेल.