थंड माळावरील टार्मिगन व त्याचे जंत

पहाटे गवतावर दव असताना शेळ्या-मेंढ्या चरावयास सोडू नयेत, असा सल्ला पशुवैद्यक नेहमी देतात. ओलीवर जंतांच्या अळ्या गवताच्या शेंड्याकडे चढतात व चाऱ्याबरोबर पोटात जातात, हे त्याचे कारण होय. नेमका हाच प्रकार स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडच्या थंड माळांवर एका रानपक्ष्याच्या बाबतीत घडतो.

टार्मिगन हा कोंबडीच्या गणातील, उत्तर ध्रुवाकडील प्रदेशातला पक्षी. पायाच्या बोटांपर्यंत पिसे असतात व हिवाळ्यात तो बर्फासारखा पांढरा होतो. ब्रिटनमधील त्याचा भाऊबंद 'लाल ग्राउज' मात्र बारा महिने तांबूस-तपकिरी राहतो. तो विलो टार्मिगनचाच उपप्रकार मानला जात असे. अलीकडे काही शास्त्रज्ञ त्याला वेगळी जात समजतात. आकाराने तो तित्तिरापेक्षा मोठा, पण गावरान कोंबडीपेक्षा लहान. हेदर नावाच्या ठेंगण्या, काटक झुडपाचे कोवळे शेंडे हे त्याचे मुख्य खाद्य. असा चिवट पाला पचविण्यासाठी त्याला दोन लांबलचक आंधळी आतडी असतात आणि जंतांनी घर केले आहे ते तेथेच.

हा जंत केसासारखा बारीक असतो. एकाच पक्ष्यात असे हजारो जंत सापडतात. विष्ठेतून पडलेल्या अंड्यांतून अळ्या निघतात, हेदरच्या शेंड्यावर चढतात व खाद्याबरोबर पुन्हा पोटात जातात. शरद ऋतूत पोटात गेलेल्या बऱ्याच अळ्या आतड्याच्या आवरणात हिवाळाभर निपचित पडून राहतात आणि वसंतात एकदम वाढीला लागतात. मादीचे अंडी घालण्याचे दिवसही तेच! पक्षी दरवेळी मरतोच असे नाही. पण वजन घटते व पिल्ले कमी निघतात. पक्षी वाढले की जंत वाढतात, जंत वाढले की पक्षी घटतात. त्यामुळे काही वर्षांच्या अंतराने माळ ओस पडत.

या माळांच्या मालकांचे उत्पन्न शिकारीवर अवलंबून असल्याने १९०५ साली चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९११ मध्ये निघाला व त्यात या जंतावर बोट ठेवले गेले. पुरावा मात्र बऱ्याच वर्षांनी मिळाला. पीटर हडसन, अँडी डॉब्सन व डेव्ह न्यूबॉर्न यांनी उत्तर इंग्लंडमधील सहा माळ निवडले. रात्री पक्षी पकडून त्यांना लेव्हामिसोल पाजले. आपण शेळ्या-मेंढ्यांना देतो तेच हे औषध. दोन माळांवर १९८९ व १९९३ असे दोनदा, दोन माळांवर १९८९ मध्ये एकदाच आणि उरलेल्या दोन माळांवर मुळीच नाही. औषध दिलेल्या माळांवर पक्ष्यांची घसरण बरीच रोखली गेली. हे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. नरांची हद्दीसाठीची भांडणेही संख्या घटविण्यास कारण होतात, असे इतर संशोधकांचे म्हणणे आहे व त्यातही तथ्य आहे.

रानातला प्रत्येक पक्षी पकडणे परवडणारे नाही. कोंबडीप्रमाणे हा पक्षीही अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतो. म्हणून फ्लुबेंडाझोल हे जंतनाशक लावलेली दगडाची कच ट्रेमध्ये भरून माळावर ठेवण्याची पद्धत सुरू झाली. जंत कमी झाले, पक्ष्यांची दाटी वाढली. आणि २०१० मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये डोळे सुजलेले, चिकट स्राव वाहणारे पक्षी आढळू लागले. क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे होणारा हा श्वसनसंस्थेचा रोग. कोंबड्या व टर्कीमध्ये तो पूर्वीपासून माहीत होता. अनेक पक्षी एकाच ट्रेवर येत असल्याने औषधाचे ट्रेच रोग पसरवीत असावेत, असा संशय आहे. जंतनाशकाचा या परजीवीवर काहीही परिणाम होत नाही.

औषधाची कच शिकारीच्या हंगामापूर्वी किमान २८ दिवस उचलावी लागते, म्हणजे मांसात औषधाचा अंश राहत नाही. शिवाय ती पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि चिठ्ठीपूर्वी पक्ष्यांतील जंतांचे प्रमाण तपासले जाते. आपल्याकडेही शेळ्यांच्या लेंड्या वा कोंबड्यांची विष्ठा जवळच्या पशुवैद्यकाकडून तपासून घेऊन मगच जंतनाशक पाजता येते.